सोनिक यूथ: एकाच बँडचे इतके बँड कसे झाले?

पाषाणकर यांचा प्रश्न:

नमस्कार. गेल्या पावसाळ्यापासून मी सोनिक यूथ हा न्यूयॉर्कचा बँड नेटाने ऐकायला घेतला आहे आणि एका जागी अडलो आहे. सुरुवात झाली ती १९९० च्या 'गू' या अल्बमने. (या नावावर घरात जेवढे हसायचे तेवढे हसून झाले आहे; आई अजूनही जेवताना तो शब्द उच्चारू देत नाही.) तो आवडला म्हणून मागे गेलो, तर १९८३ चा 'कन्फ्यूजन इज सेक्स' ऐकताना कोणी पत्र्याच्या शेडमधून गिटार फरफटत नेत आहे असे वाटले. पुढे गेलो, तर २००० चा 'एनवायसी घोस्ट्स अँड फ्लॉवर्स' लागला, ज्यात गाण्यापेक्षा पुटपुटणेच अधिक आहे. आणि त्यानंतर सहाच वर्षांनी त्याच मंडळींनी 'रादर रिप्ड' काढला, ज्यातली बहुतेक गाणी भांडी घासताना गुणगुणता येतील इतकी सरळ आहेत.

माझा प्रवास कोथरूड ते हिंजवडी असा रोजचा असल्यामुळे ऐकायला वेळ भरपूर मिळतो. 'द डायमंड सी' हे जवळजवळ वीस मिनिटांचे गाणे चांदणी चौकातल्या एका खोळंब्यात पूर्ण बसते. पण इतके ऐकूनही या बँडचा विकास कसा समजून घ्यावा हे उमगत नाही. जी गोष्ट सर्वत्र वाचायला मिळते ती अशी: आधी नुसता गोंगाट होता, मग त्यांना चाल सापडली, मग ते मोठ्या कंपनीला विकले गेले आणि उतारवयात पुन्हा विक्षिप्त झाले. ही गोष्ट मला फार सोयीची वाटते. १९९० साली खरोखरच काही तुटले का? तुटले नसेल, तर या सगळ्या अल्बमांमधून जाणारा समान धागा कोणता, आणि तो कानाला कुठे सापडेल?

जुना_कॅसेटवाला यांचे उत्तर:

तुम्ही सांगितलेली गोष्ट सर्वस्वी खोटी नाही, पण तिच्यात घटनांचा क्रम आहे, कारणे नाहीत. कारणांकडे पाहिले की चित्र बदलते.

हा बँड १९८१ मध्ये उभा राहिला. त्यातले गिटारवादक थर्स्टन मूर आणि ली रॅनाल्डो हे दोघेही संगीतकार ग्लेन ब्रँका यांच्या ताफ्यात वाजवलेले होते. अनेक इलेक्ट्रिक गिटार एकत्र आणून, त्यांच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावून, एकाच स्वरसमूहाचा प्रचंड लोट उभा करणे हे ब्रँका यांचे काम होते. १९८२ ची पहिली छोटी तबकडीही त्यांच्याच लेबलवर निघाली. त्या तबकडीत गिटार बहुतांशी नेहमीच्याच पद्धतीने लावलेल्या आहेत, त्यामुळे ती ऐकताना हा बँड अजून दुसऱ्याच्या कपड्यांत वावरत असल्यासारखा वाटतो. पत्र्याच्या शेडचा आवाज त्यानंतर आला, आणि त्याचे एक कारण अगदी रोकडे आहे. या मंडळींकडे पैसे नव्हते. त्यांच्याकडच्या स्वस्त गिटार नेहमीच्या पद्धतीने लावल्या तर वाईटच वाजत. तारा वेगळ्या लावल्या, तारांखाली ड्रमची काठी अडकवली किंवा स्क्रूड्रायव्हर फिरवला की त्याच गिटारीतून असे काही निघे जे महागड्या वाद्यातून निघाले नसते.

यातून पुढची अडचण उभी राहिली. प्रत्येक गाण्याला वेगळी जुळणी, आणि मंचावर गिटार जुळवायला वेळ लागतो. त्या अवकाशात श्रोत्यांसमोर गप्प कसे उभे राहायचे? मग एकाने जुळवावे आणि दुसऱ्याने आवाज चालू ठेवावा, अशी पद्धत पडली. १९८५ चा 'बॅड मून रायझिंग' ऐकताना गाणी एकमेकांत वाहत जातात ती यामुळे. ज्याला आपण रचनेतला धाडसी प्रयोग समजतो, त्याची सुरुवात खुंट्या पिळण्याच्या वेळात झालेली आहे.

त्यानंतर स्टीव्ह शेली हा ड्रमवादक आला आणि १९८६ च्या 'इव्होल'पासून तोच राहिला. माझ्या मते या बँडच्या आयुष्यातला खरा सांधा हा आहे, आणि तो १९९० च्या चार वर्षे आधीचा आहे. शेलीच्या हातात सरळ, न डगमगणारी लय होती. ती खाली पक्की असल्यामुळे वरच्या दोन गिटारींना हवे तितके भटकता येऊ लागले. १९८७ चा 'सिस्टर' आणि १९८८ चा 'डेड्रीम नेशन' या दोन्ही अल्बमांत गोंगाट कमी झालेला नाही. त्याला बसायला ओटा मिळाला आहे.

'डेड्रीम नेशन'बद्दल थोडे विषयांतर करतो. १९९० च्या दशकात पुण्यात हे संगीत विकत मिळणे अवघड होते. अमेरिकेहून आलेल्या कोणाच्या तरी सीडीवरून मित्राने मला तो अल्बम कॅसेटवर उतरवून दिला. अल्बम सत्तर मिनिटांचा आणि कॅसेट साठ मिनिटांची. शेवटची 'ट्रिलॉजी' ही चौदा मिनिटांची रचना त्यात तीन-चार मिनिटांतच खटकन तुटत असे. प्रयोगशील बँड म्हटल्यावर शेवट असाच असणार, अशी माझी बरीच वर्षे प्रामाणिक समजूत होती आणि त्या तुटण्यावर मी दोन-तीन जणांना व्याख्यानही दिलेले आहे.

तर १९९०. 'गू' गेफेन या बड्या कंपनीच्या डीजीसी या लेबलवर आला. 'डेड्रीम नेशन' ज्या ग्रीन स्ट्रीट स्टुडिओत निक सॅन्सानो यांच्यासोबत ध्वनिमुद्रित झाला होता, त्या सॅन्सानोंचा हात 'गू'मध्येही आहे. हे सॅन्सानो पब्लिक एनिमी या हिप-हॉप गटासोबत काम केलेले होते आणि 'कूल थिंग' या गाण्यात त्याच गटाच्या चक डीचा आवाज येतो. म्हणजे माणसे तीच, शहर तेच, कानही तेच. गाणी थोडी आखूड झाली आणि बँडची बासवादक आणि गायिका किम गॉर्डन हिचा अर्धवट बोलणारा, अर्धवट टोमणा मारणारा आवाज पुढे आला, एवढा फरक मला मान्य आहे. कंपनीचा खरा परिणाम शोधायचा असेल तर तो १९९२ च्या 'डर्टी'त शोधावा. निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' घडवणारे बुच व्हिग यांना तिथे बोलावलेले आहे आणि ड्रम छातीवर येऊन आदळतात. तोही अल्बम मला आवडतो. पण तिथे बँड कोणाच्या तरी लग्नात नवे कपडे घालून उभा आहे असे सारखे वाटत राहते.

तिरकस_पेठकर यांचे उत्तर:

वरच्या उत्तरातल्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. फक्त 'विकले गेले' या शब्दाबद्दल दोन वाक्ये. विकले गेलेल्या बँडने सहसा कंपनीला पैसे मिळवून द्यावे लागतात, आणि या बँडने गेफेनला सर्वात मोठा फायदा करून दिला तो स्वतःच्या गाण्यांतून नव्हे, तर निर्वाणाची शिफारस करून. आपले गिऱ्हाईक बेताचेच, पण शेजाऱ्याला दुकान मिळवून दिले, असा हा व्यवहार आहे.

जोडाची_तार यांचे उत्तर:

मी ऐकणाऱ्याच्या बाजूने न लिहिता वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण पाषाणकरांना हवा असलेला धागा मला तिथेच सापडला.

कॉलेजात असताना फिरोदिया करंडकासाठी आमच्या एकांकिकेला जिवंत संगीत हवे होते आणि दिग्दर्शकाला 'गिरणी बंद पडतानाचा आवाज' हवा होता. त्या निमित्ताने मी या बँडच्या जुळण्या शोधून पाहिल्या. त्यांच्याकडे एक जुळणी अशी आहे: जाड तारेकडून मोजत गेल्यास पहिल्या चारही तारा एफ शार्प, त्यातल्या दोन खालच्या सप्तकात आणि दोन वरच्या, मग एक ई आणि शेवटी एक बी. सहापैकी चार तारा एकाच स्वराच्या. या जुळणीत डाव्या हाताला करण्यासारखे थोडेच उरते. एक बोट ठेवून सर्व तारा झोडपल्या की मध्ये भिंतीसारखा एकच स्वर उभा राहतो आणि वरच्या दोन तारा त्याच्याशी भांडतात.

आता मुद्दा असा, की १९८७ च्या 'सिस्टर'मधले 'स्किझोफ्रेनिया' याच जुळणीत आहे आणि १९९० चे 'कूल थिंग'ही याच जुळणीत आहे. पहिले एका लहान स्वतंत्र लेबलवर निघालेले, दुसरे देशातल्या बड्या कंपनीच्या जाहिरातीसह आलेले. करार बदलला, पण खुंट्या जिथल्या तिथे राहिल्या. एक धुक्यासारखे पसरते आणि दुसरे दात दाखवते, पण दोन्ही लागोपाठ ऐकलीत तर मधला तो एकच स्वर तुम्हाला ओळखू येईल. हा बँड नव्या चाली रचून बदलत नव्हता. त्यांनी गिटारी जुळवून ठेवल्या होत्या आणि त्या गिटारींत जे होते ते ते वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रीतीने बाहेर काढत होते.

हे आपल्याला कठीण जायला नको. सवाई गंधर्व महोत्सवात गायक स्थिरावण्याआधी तंबोरे जुळवले जात असतात, तेव्हा जोडाच्या दोन तारा एकमेकींच्या जवळ येताना जो डोल ऐकू येतो, तो आठवून पाहा. १८५ आणि १८७ हर्ट्झच्या दोन तारा एकत्र छेडल्या तर सेकंदाला दोन ठोके पडतात. अंतर मिटत गेले की ठोके संथ होतात आणि शेवटी विरतात. सोनिक यूथच्या चार एफ शार्प तारा अगदी तंतोतंत कधीच जुळलेल्या नसतात, आणि त्यांच्या आवाजात जी चमचम आहे ती बऱ्याच अंशी या ठोक्यांची आहे. ली रॅनाल्डो 'डेड्रीम नेशन'च्या काळात जी आणि डी या दोनच स्वरांत लावलेली गिटारही वापरत असे. जी ला षड्ज धरले तर डी हा पंचम झाला. आणखी काय सांगू?

वाजवून पाहायचे असेल तर एक सूचना देतो. बारीक तारेकडून मोजल्यास चौथी तार डी वरून एफ शार्पपर्यंत चढवायची म्हणजे चार अर्धस्वर वर न्यायची, आणि ती तिथे पोहोचण्याआधी तुटते. माझी तुटली, गालाला लागली, आणि प्रयोगाच्या दिवशी गिरणी जरा लवकरच बंद पडली. त्याऐवजी चौथ्या जागी तिसऱ्या तारेची जाडी लावावी. ती अर्धा स्वरच खाली उतरवावी लागते. वरच्या दोन तारा बऱ्याच सैल कराव्या लागतात, म्हणून तिथेही जाड तारा घ्याव्यात. ते वापरत असलेल्या जॅझमास्टर गिटारीत घोडीच्या मागेही तारेचा बराच लांब तुकडा मोकळा असतो. तिथे छेडले की घंटेसारखा आवाज येतो आणि तो त्यांच्या गाण्यांत जागोजागी आहे. आपल्याकडच्या साध्या गिटारीत हे होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

खर्जातली यांचे उत्तर:

तंबोऱ्याचा दाखला वाचून बरे वाटले, परंतु तो जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. मी बारा वर्षे गाणे शिकते आहे आणि तंबोरा लावायला शिकण्यातच त्यातली दोन गेली असावीत. आमच्याकडे जोडाच्या तारांमधला डोल हा जुळणी अपुरी असल्याचा पुरावा मानतात. तो पूर्ण मिटवायचा, खुंटीने जवळ यायचे, मग मणी सरकवून उरलेले केसभर अंतर काढायचे, घोडीवर सूत योग्य जागी बसवून जवारी उघडायची, आणि हे सर्व नीट साधले तर कोणीही न छेडलेला गंधार खर्जातून आपोआप ऐकू येऊ लागतो. शिवाय तंबोरा गाण्यासाठी असतो. तो लागला की त्याच्याकडे लक्ष जाता कामा नये.

सोनिक यूथने बरोबर उलटे केले आहे. जो डोल आम्ही घालवतो त्यावरच ते वस्ती करतात, आणि जे मागे असायला हवे ते पुढे आणून गळ्याला मागे ढकलतात. म्हणून त्यांचे गायन मला कायम उपरे वाटत आले. थर्स्टन आणि किम दोघेही गाताना सुरांची फारशी पर्वा करत नाहीत. तुमचे उत्तर वाचल्यावर मी 'द डायमंड सी' पुन्हा ऐकले. गाणे पहिल्या काही मिनिटांत आपले म्हणणे मांडून मोकळे होते, आणि उरलेल्या वेळात गळा जवळजवळ निघून जातो. ते ऐकताना प्रथमच मला काही खटकले नाही. गाणारा उठून गेला आहे आणि तंबोरे मात्र वाजत राहिले आहेत, अशी ती अवस्था आहे. तेव्हा दाखला चुकीचा आहे असे म्हणत नाही, पण तो साम्यापेक्षा विरोध दाखवायला अधिक उपयोगी आहे.

जोडाची_तार यांचे उत्तर:

मान्य. मणी सरकवण्याबद्दल मी लिहायला हवे होते.

मरे_स्ट्रीट यांचे उत्तर:

चर्चा 'द डायमंड सी'च्या म्हणजे १९९५ च्या पाशी येऊन थांबली आहे, म्हणून पुढचा भाग मी लिहितो. माझ्या नावावरून पक्षपात लक्षात येईलच.

१९९५ मध्ये या बँडने लोलापलूझा या फिरत्या महोत्सवात मुख्य बँड म्हणून वाजवले आणि त्या पैशांतून न्यूयॉर्कच्या मरे स्ट्रीटवर स्वतःचा स्टुडिओ थाटला. याचे महत्त्व पुण्यात तासाच्या भाड्याने खोली घेऊन सराव करणाऱ्या कोणालाही लगेच कळेल. घड्याळ भिंतीवर असते, बाहेर पुढची टोळी पेट्या घेऊन उभी असते आणि जे सुचू पाहत असते ते सुचण्याआधीच वेळ संपतो. स्वतःची जागा मिळताच या बँडची गाणी लांबली. १९९८ चा 'अ थाउजंड लीव्ज' सत्तर मिनिटांच्या वर गेला. त्याच सुमारास त्यांनी एसवायआर हे घरचे लेबल काढले आणि जे गेफेनच्या गळी उतरले नसते ते तिथे काढू लागले. १९९९ मध्ये तर जॉन केज, स्टीव्ह राइख, ताकेहिसा कोसुगी अशा विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या रचना वाजवून दोन तबकड्यांचा संच काढला. म्हणजे एकाच वेळी दोन बँड चालू होते, एक कंपनीचा आणि एक घरचा. पाषाणकरांना हा बँड अनेक तुकड्यांत दिसतो याचे एक कारण हेही आहे.

आणि मग जुलै १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज येथे त्यांचा सामानाचा ट्रक रातोरात चोरीला गेला. वरचे जुळणीचे उत्तर वाचलेले असेल तर या चोरीचा अर्थ वेगळा लागतो. त्यांची प्रत्येक गिटार ठरावीक जुळणीसाठी, ठरावीक तारा चढवून, वर्षानुवर्षे सवयीची झालेली होती. दुसऱ्या बँडची गिटार गेली तर नवी घेता येते. यांची गिटार गेली तेव्हा तिच्यातली गाणीही गेली. काही वाद्ये पुढे अनेक वर्षांनी सापडली, पण तेव्हा हाताशी होते ते उरलेसुरले सामान. 'एनवायसी घोस्ट्स अँड फ्लॉवर्स' त्याच्या पुढच्याच वर्षी आला. पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी ०.० गुण दिले, आणि ती समीक्षा आजही अल्बमापेक्षा जास्त वाचली जाते. मला तो अल्बम थोर वाटतो असे नाही. पण घर लुटले गेल्यावर जमिनीवर बसून जेवणाऱ्या माणसांचे ते जेवण आहे, हे ध्यानात ठेवून तो ऐकावा.

याच काळात जिम ओ'रूर्क हा संगीतकार त्यांच्यासोबत आला. २००१ च्या सप्टेंबरात नव्या अल्बमाचे काम त्या स्टुडिओत चालू होते. जागतिक व्यापार केंद्र तिथून काही चौक अंतरावर. ११ तारखेच्या सकाळी ओ'रूर्क स्टुडिओतच होता आणि विमानाच्या इंजिनाचा भाग मरे स्ट्रीटवर येऊन पडला. काम काही काळ थांबले. २००२ मध्ये 'मरे स्ट्रीट' आला तो या रस्त्याचे नाव घेऊन. त्यात शोक कुठेही उच्चारलेला नाही. गिटारी इतक्या मोकळ्या आणि इतक्या शांतपणे एकमेकींत विणलेल्या आहेत की 'डेड्रीम नेशन'च्या आधी हा अल्बम ऐकावा असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि त्यावरून आजवर भरपूर बोलणी खाल्ली आहेत.

नंतरचे थोडक्यात. 'रादर रिप्ड'पर्यंत ओ'रूर्क निघून गेला होता, गाणी आवरती झाली होती. २००९ चा 'दि इटर्नल' मॅटाडोर या स्वतंत्र लेबलवर आला. ऑक्टोबर २०११ मध्ये थर्स्टन आणि किम हे नवरा-बायको वेगळे होत असल्याचे जाहीर झाले आणि १४ नोव्हेंबरला ब्राझीलमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. लग्न आणि बँड एकाच छपराखाली असले की एक पडल्यावर दुसरे उभे राहत नाही, यात प्रयोगाचा काही संबंध नाही.

पाषाणकर:

सर्वांचे आभार. शनिवारी दुपारी घरी कोणी नसताना 'स्किझोफ्रेनिया' आणि 'कूल थिंग' लागोपाठ ऐकली. पहिल्या दोन वेळा काहीच सापडले नाही. तिसऱ्या वेळी शब्दांकडे आणि ड्रमकडे हट्टाने दुर्लक्ष केले, तेव्हा मधला तो स्वर सापडला, आणि एकदा सापडल्यावर तो ऐकू न येणे अशक्य झाले. मग 'कन्फ्यूजन इज सेक्स'कडे वळलो. तिथेही पत्र्याची शेड आहेच, परंतु गिटार कोणी फरफटत नेत नसून ती एका जागी ठेवून बडवली जात आहे, एवढा खुलासा झाला.

'एनवायसी घोस्ट्स' मात्र चोरीची हकीकत कळूनही आवडला नाही. आधी तो मला विस्कळीत वाटत होता. आता त्यात काय नाही ते नेमके ऐकू येते, आणि ते जास्त त्रासदायक आहे. 'मरे स्ट्रीट' उद्याच्या बसमध्ये ऐकणार आहे.

जोडाची_तार, चुलतभावाची एक इलेक्ट्रिक गिटार माळ्यावर पडून आहे. ती घोडीच्या मागे छेडता येईल अशी आहे का, हे काढून पाहिल्यावर कळवतो. तिसऱ्या तारेच्या जाडीच्या दोन तारा आणून ठेवल्या आहेत.

जोडाची_तार:

तीन आणाव्यात. आणि पहिल्यांदा पिळताना चेहरा बाजूला ठेवावा.